दोन टक्के आणि एक फूट

मी एक जुनी टेप आहे, मित्रांनो. गाणी ऐकायची नव्हे, घरं मोजायची. अंगानं कापडी, आतून बारीक तारेची, गोल चामडी डबीत राहणारी. जन्मले तेव्हा माझी लांबी पन्नास फूट होती. आता एकोणपन्नास आहे. तो गेलेला एक फूट कुठे गेला आणि जाताना काय काय घेऊन गेला, ते तुम्हाला सांगायचं आहे. हकीकत गोड नाही. ज्यांना शेवट गोड लागतो त्यांनी इथूनच उठलं तरी मला राग येणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कापडाची लांब पट्टी रंगाच्या हौदातून काढली, वाळवली, दोन रुळांमधून फिरवली आणि माझ्या अंगावर आकडे उमटले. शेवटच्या टेबलाशी एक बाई बसायच्या. त्यांच्यासमोर पितळी माप ठोकलेलं होतं. प्रत्येक टेप त्यावर ताणायची आणि केसाइतका जरी फरक निघाला तरी ती रद्दीच्या टोपलीत टाकायची, एवढंच त्यांचं काम. त्यांनी मला दोनदा ताणून पाहिलं आणि चांगल्यांच्या ढिगात ठेवलं. या गोष्टीचा मला पुष्कळ वर्षं तोरा होता.

एका हार्डवेअरच्या दुकानातून मला ज्यांनी विकत घेतलं त्यांना सगळे टेपवाले काका म्हणायचे. अर्थात ते नाव त्यांना माझ्यामुळे पडलं. काका इस्टेट एजंट होते. दोन खुर्च्या, काच लावलेलं टेबल, खण असलेलं एक लोखंडी कपाट आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्या, एवढंच त्यांचं ऑफिस. प्रत्येक किल्लीला कागदाची चिठ्ठी बांधलेली असायची आणि तिच्यावर घराचा पत्ता.

एजंटचं काम तुम्हाला नीट समजायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. ज्याला घर विकायचं असतं तो एजंटकडे येतो, ज्याला घ्यायचं असतं तोही येतो. एजंट त्यांची गाठ घालून देतो. सौदा ठरला की किमतीचे दोन टक्के विकणाऱ्यानं एजंटला द्यायचे आणि दोन टक्के घेणाऱ्यानं. याला कुणी कमिशन म्हणतं, कुणी दलाली. घेणारा दुसऱ्या एजंटनं आणला असेल तर ज्यानं त्यानं आपापल्या माणसाकडून घ्यायचे. सौदा मोडला तर मात्र काही मिळत नाही. वीस घरं दाखवून झिजलेल्या चपलांचे पैसे कुणी देत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. घर जितकं महाग, तितके ते दोन टक्के मोठे. म्हणजे घेणारा ज्याला सांगतो की माझ्यासाठी जरा स्वस्तात बघा, त्याचं पोट घर महाग झाल्यानंच भरतं. हे कुणाला विचित्र वाटत नसे. मलाही तेव्हा वाटत नव्हतं.

आमच्या भागात घराचा भाव फुटावर ठरायचा. बाकीचे एजंट विकणारा सांगेल तेवढे फूट कागदावर लिहायचे. काकांची रीत वेगळी होती. ते घर दाखवायला गेले की आधी दोघांना समोर बसवून आपले टक्के सांगायचे, कुणाकडून किती आणि कधी ते. मग मला डबीतून काढायचे. माझ्या टोकाची पितळी कडी ते घेणाऱ्याच्या हातात द्यायचे आणि डबी विकणाऱ्याच्या. एकानं या भिंतीला टेकायचं, दुसऱ्यानं त्या भिंतीला. काका डबीपाशी वाकून आकडा वाचायचे आणि वहीत लिहायचे. दोघांचेही हात लागलेले असल्यामुळे नंतर कुणाला कुरकुर करायला जागाच राहत नसे.

एकदा एक ढेरपोटे गृहस्थ घर विकत होते. त्यांनी डबी भिंतीला टेकवायच्या ऐवजी स्वतःच भिंतीला टेकून ती पोटावर धरली. काका म्हणाले, पोट जरा आत घ्या, नाहीतर ते आम्हाला घराबरोबर फुकट आलंय असं वाटेल. घेणारी मंडळी खो खो हसली आणि सौदा तिथेच पक्का झाला. लोक म्हणायचे, टेपवाल्यांच्या मापाला बोट लावायची सोय नाही. ते ऐकलं की काका मला पुसून डबीत गुंडाळायचे आणि मी आत फुगून बसायचे. मित्रांनो, ती वर्षं खरोखर चांगली होती.

पुढे एका रिकाम्या घरात मोजणी चालू असताना वाऱ्यानं जाड दार आपटलं आणि माझं टोक बिजागरीत सापडलं. पहिला फूट चिंधीसारखा फाटला. काकांनी मला चपलांच्या कारागिराकडे नेलं. त्यानं एक फुटाच्या खुणेवर मला सरळ कापलं आणि तिथेच कडी पुन्हा शिवून दिली. शिवण इतकी सुबक होती की नवख्याला काही कळलंच नसतं. नवी टेप घ्या असं काकांना घरच्यांनी सांगितलं, पण ते ऐकेनात. तेव्हापासून आकडा वाचला की काका मोठ्यानं म्हणायचे, "यातून एक फूट वजा." मगच लिहायचे. सहा वर्षं त्यांनी एकदाही चूक केली नाही.

पण त्या सहा वर्षांत धंदा बदलला. गल्लीगल्लीत एजंट झाले. त्यातच एक गोष्ट घडली जी काकांच्या मनातून कधी गेली नाही. बुटांच्या दुकानदाराला त्यांनी चार महिने घरं दाखवली होती. शेवटी एका निवृत्त कारकुनाचं घर त्याला पसंत पडलं. दोघांनी माझी टोकं धरली, हसत चहा प्यायले आणि दोन दिवसांनी कळवतो म्हणून गेले. दोघांनी मिळून काकांचे चार टक्के वाचवायचं ठरवलं आणि परस्पर सौदा उरकला. काका त्या घरासमोर गेले तेव्हा आत रंगकाम चालू होतं. दुकानदार दारात येऊन म्हणाला, तुम्ही केलंत काय, दार उघडलंत आणि फीत काढलीत, ती तरी आम्हीच धरली होती.

काका परतले. वाटेत त्यांनी मला खिशात घट्ट मुठीत धरलं होतं. असे प्रकार पुढच्या दोन वर्षांत आणखी तीन झाले. ऑफिसचं भाडं थकू लागलं. टक्के आधी सांगून टाकायची त्यांची सवय हळूहळू सुटली. आधी सांगितलं की लोक परस्पर वाट शोधतात, असं ते म्हणू लागले.

अशा दिवसांत ऑफिसात ती बाई आली. ती दवाखान्याच्या लाँड्रीत कामाला होती. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं तिच्या हातांखालून जायचं आणि तिच्या हातांची कातडी पाण्यानं पांढरट झालेली होती. नवरा क्रेन चालवायचा. तीन वर्षांपूर्वी उंचावरून पडला आणि कमरेखाली त्याला काही कळेनासं झालं. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, चौपन्न पायऱ्या. तीन वर्षांत तो दोनदाच खाली आला होता आणि दोन्ही वेळा त्याच्या धाकट्या भावानं त्याला पाठीवर घेतलं होतं. आता ते घर विकून तळमजल्यावर घर घ्यायचं तिच्या मनात होतं.

तिनं पर्समधून एक कागद काढला. तो क्रेनवाल्यानं स्वतः काढलेला नकाशा होता. आयुष्यभर अवजड वस्तू किती जागेत वळते याचा हिशेब केलेला माणूस तो. त्यानं आपल्या चाकांच्या खुर्चीचाही केला होता. कागदावर खाट होती, खुर्चीसाठी एक गोल होता आणि न्हाणीघराचं दार होतं. खाली लिहिलं होतं, खोलीची रुंदी दहा फूट, कमी नको. बाई काकांना म्हणाली, "मी सकाळी सहाला जाते, दुपारी तीनला येते. तोवर हे अडकून पडतात. त्यांना आपलं आपण न्हाणीघरापर्यंत जाता आलं पाहिजे, बाकी घर कसंही असू दे."

काकांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि वहीत ठेवला. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. हे तुम्ही लक्षात ठेवा.

तिचं वरचं घर दोन शिक्षकांच्या जोडप्यानं घ्यायचं ठरवलं. त्यांना महिनाअखेर ताबा हवा होता. तळमजल्याचं घर मात्र मिळत नव्हतं. शेवटी एक सापडलं. त्याचा मालक चष्म्याचा दुकानदार होता. पुढची खोली, मागची खोली आणि स्वयंपाकघर. पुढची खोली दोन पायऱ्या उंच होती, पण मागच्या खोलीला गल्लीत उघडणारं सपाट दार होतं आणि न्हाणीघर तिलाच लागून होतं. क्रेनवाल्यासाठी तीच खोली. चष्मेवाला फुटाला चार हजार मागत होता आणि त्यानं काकांना बजावलं होतं की एकूण चौदा लाखांच्या खाली आलं तर मी विकणार नाही, दुसरा एजंट आठवड्यापासून दारात उभा आहे.

मोजणीच्या दिवशी बाई लाँड्रीतून थेट आली होती. काकांनी माझी कडी तिच्या हातात दिली, डबी चष्मेवाल्याच्या. ती कडी भिंतीला टेकवतच होती, तेवढ्यात काकांनी आपले टक्के सांगितले. आता सांगितल्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाई वळून बघायला लागली. वरचं घर विकल्याचे दोन टक्के माझ्याकडून आणि हे घेतल्याचेही दोन टक्के माझ्याकडूनच, हे कसं, असं तिनं विचारलं. काकांनी सांगितलं की हे दोन सौदे आहेत, एकात तुम्ही विकणाऱ्या आहात आणि दुसऱ्यात घेणाऱ्या. ती म्हणाली की माणूस तर एकच आहे ना. काकांचा चेहरा लाल झाला. त्यांना बुटांचा दुकानदार आठवला असणार. ते जोरजोरात समजावून सांगू लागले, किती चकरा मारल्या, किती घरं बघितली, किती फोन केले. बोलता बोलताच त्यांनी वाकून आकडा वाचला आणि लिहिला. पुढच्या भिंतीला तसंच केलं. नंतर मागच्या खोलीत, मग स्वयंपाकघरात.

एक फूट वजा म्हणायचं ते विसरले. एकदा नाही, सहाच्या सहा वेळा.

मागची खोली नऊ बाय अकरा होती. कागदावर ती दहा बाय बारा झाली. बाईनं डबीपाशी येऊन, चष्मेवाल्यानं अंगठ्यानं धरून ठेवलेला आकडा स्वतः बघितला आणि तिचा जीव भांड्यात पडला. ती म्हणाली, "दहा. बरोबर दहा आहे." एवढा वेळ टक्क्यांवरून चाललेली तिची घासाघीस तिथेच संपली.

काकांनी अंगणात बसून गुणाकार केले. तीनशे अडुसष्ट चौरस फूट. चौदा लाख बहात्तर हजार. चष्मेवाल्यानं आकडा बघितला. मग काकांना जरा बाजूला घेऊन हळूच म्हणाला, मला तर वाटत होतं तीनशेच्या आसपास भरेल, वडील तसंच सांगायचे. त्याच्या आवाजात प्रश्न नव्हता. आयतं मिळालंय ते हातचं जाऊ नये, एवढीच काळजी होती.

काकांचा हात खिशात गेला. त्यांनी माझी कडी चाचपली, मग शिवण. त्यांचं बोट त्या शिवणीवर थांबलं आणि मला कळलं की त्यांना आता आठवलं. मित्रांनो, मी तुम्हाला सांगते, विसरणं हा गुन्हा नव्हता. थकलेला माणूस विसरतो. बाई दहा पावलांवर उभी होती, अजून सही झालेली नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यानंतर घर बारा लाख वीस हजारांचं झालं असतं आणि चष्मेवाला उठून गेला असता. खोली नऊ फुटांची आहे म्हटल्यावर बाईही गेली असती. हे घर नाही तर वरचं विकायचं नाही, म्हणजे शिक्षकांचा सौदाही मोडला असता. दोन सौदे, चार बाजूंचे टक्के, सगळं त्या एका वाक्यावर अडकून होतं. काकांनी हात खिशातून काढला आणि विचारलं, "मग बयाणा कधी करायचा?"

अडीच लाखांचा फरक पडला होता. त्या अडीच लाखांवर काकांना दोन्हीकडून मिळून जादा मिळाले ते जेमतेम दहा हजार.

पुढचं भराभर झालं. करारनामा लिहिला गेला. त्यात एक ओळ होती, ती सगळ्याच करारनाम्यांत असते: मापं अंदाजे आहेत आणि घेणाऱ्यानं स्वतः खात्री करून घेतली आहे. बाईनं सही केली. तिला ते खरंच वाटलं असणार, कारण तिच्या हातात माझी कडी होती. सगळं चुकतं करून तिच्याकडे सतरा हजार उरले. क्रेनवाल्याला भावानं शेवटचं पाठीवर घेऊन चौपन्न पायऱ्या खाली आणलं.

तीन आठवड्यांनी ती ऑफिसात आली. बसा म्हटलं तरी बसली नाही. खुर्ची वळत नाही, म्हणाली. खाट दुसरीकडे लावायचा विचार केला, पण मागच्या खोलीला तीन दारं, त्यामुळे खाटेला एकच भिंत मिळते. समोर घराचा भार पेलणारा खांब दीड फूट पुढे आलेला, तो काढता येत नाही. मधे राहतात चार फूट आणि ह्यांना वळायला पाच लागतात. तिनं दवाखान्याची चादर नेऊन जमिनीवर पसरली होती. दवाखान्याच्या चादरीची लांबी तिला झोपेतही सांगता आली असती, साडेसात फूट. एक चादर झाल्यावर भिंतीपर्यंत दीडच फूट उरला. ती म्हणाली, "काका, तुमची दहा फुटांची खोली नऊ फुटांची कशी झाली, ते एकदा येऊन बघा."

काका गेले. मी त्यांच्या खिशात होते, पण त्यांनी मला बाहेर काढलं नाही. क्रेनवाला खाटेवर भिंतीला पाठ लावून बसला होता. रुंद खांद्यांचा माणूस, दाढी नीट केलेली. त्यानं काकांना या म्हटलं. रिकामी खुर्ची खाटेशेजारी होती. बाई काकांना म्हणाली की मोजायचं नाही, खुर्चीत बसा आणि न्हाणीघरात जाऊन दाखवा.

काकांना आधी वाटलं ती रागानं बोलते आहे. पण ती तशीच उभी राहिली, म्हणून ते बसले. दोन्ही हातांनी चाकं फिरवली. खुर्ची थोडी वळली आणि पाय ठेवायची पट्टी खांबावर आपटली. त्यांनी मागे घेतली तर पाठ खाटेला लागली. पुन्हा पुढे घेतली, पुन्हा आपटली. खांबावर त्या उंचीला आधीच पुष्कळ ओरखडे होते, सगळे ताजे. काकांना घाम फुटला.

क्रेनवाला खाटेवरून बघत होता. शांतपणे म्हणाला, "डावं चाक धरून ठेवा, उजवं मागे घ्या." काकांनी तसं केलं. पट्टी पुन्हा आपटली. "हां," तो म्हणाला. "मी पण तसंच करून बघितलं."

मित्रांनो, तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं काकांना शिवीसुद्धा दिली नाही. एक माणूस दुसऱ्याला काम दाखवतो तसं दाखवलं आणि मान खिडकीकडे वळवली. खाटेखाली प्लास्टिकचं भांडं होतं, फडक्यानं झाकलेलं. काकांनी ते बघितलं आणि नजर वर घेतली.

बाहेर गल्लीत बाईनं काकांना काय हवं ते सांगितलं. तुमचे पैसे नकोत, ती म्हणाली. विकायचं तर आता जो घेईल तो नीट मोजेल, बारा लाख येतील. त्यातून विकायचे दोन टक्के, पुढचं घर घ्यायचे दोन टक्के, आणि बारा लाखांत तळमजला कुठेच नाही, तुम्हालासुद्धा तो शोधून सापडला नव्हता. "तुम्ही फक्त चष्मेवाल्यासमोर म्हणा की माप चुकलं. तुम्ही म्हणालात तर तो अडीच लाख परत देईल, नाहीतर द्यायला लावता तरी येईल. ते त्या बारा लाखांत घालून ह्यांना वळता येईल असं घर बघते." काका म्हणाले, उद्या जाऊ आपण त्याच्याकडे.

उद्या आलाच नाही. काका दुकानापर्यंत गेले, काचेतून चष्मेवाला दिसला आणि परत फिरले. मी चुकलो असं एकदा म्हटलं तर टेपवाल्यांच्या मापाला काय किंमत राहील, हे ते रात्री जेवताना बायकोला समजावत होते. आजवर मोजलेली सगळी घरं उठून दारात येतील, म्हणाले. बायकोनं विचारलं की त्या बाकीच्या घरांत चूक नव्हती ना. नव्हती, ते म्हणाले आणि ताटावरून उठले.

बाईनं एजंटांच्या संघटनेत अर्ज दिला. तीन पंच आले, तिघेही एजंटच. काकांच्या ऑफिसातच बैठक झाली. चष्मेवाला म्हणाला की कडी बाईंनीच धरली होती, आकडाही त्यांनी स्वतः वाचला. पंचांनी करारनाम्यातली ओळ वाचून दाखवली. मग त्यांच्यातल्या एका वयस्कर पंचानं, कसा कोण जाणे, योग्य तो प्रश्न विचारला. म्हणाला, "ती टेप कुठाय? आणा, इथंच ताणून बघू."

मी लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात होते. काकांच्या खुर्चीपासून दोन हातांवर. त्या क्षणी मला वाटलं, आता सुटलो. तेही आणि मीही. कारण मला ताणल्यावर कुणाही शहाण्या माणसाला दिसलं असतं की कडीपाशी शून्य नाही. तीस वर्षं मी त्यांच्याबरोबर फिरले होते. त्यांचा स्वभाव मला ठाऊक होता, किंवा तसं मला वाटत होतं.

काका म्हणाले, "जुनी झाली होती. फेकून दिली."

पंचांनी आपापसात कुजबुजून ठरवलं की काकांनी माणुसकी म्हणून निम्मं कमिशन परत करावं, आणि प्रकरण मिटलं. काकांनी पाकीट पुढे केलं. बाईनं ते घेतलं, मोजलं नाही. जाताना एवढंच म्हणाली की ह्यांना काय सांगायचं ते मी वाटेत ठरवते.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. काकांकडे लाल ठिपका पाडून मोजणारं नवं यंत्र आहे. ते कधी चुकत नाही असं ते प्रत्येकाला सांगतात आणि लोक अजून त्यांना टेपवाले काकाच म्हणतात. बाई रोज सकाळी सहाला कामावर जाते. क्रेनवाला तीन वाजेपर्यंत खाटेवर असतो. मधे त्याला पाठीला जखम झाली होती, ती भरायला पाच महिने लागले. हे सगळं मला ऑफिसात येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बोलण्यातून कळतं. कुणी हा विषय काढला की काका किल्ल्या नीट लावत बसतात.

तुम्ही आजवर पुष्कळ जुन्या वस्तूंच्या कहाण्या वाचल्या असतील. त्या सांगतात की आम्हाला अडगळीत टाकलं, धूळ बसली, कुणी विचारत नाही. माझी तक्रार उलटी आहे. मला फार जपलं आहे. महिन्यातून एकदा काका ऑफिसचं दार लावून घेतात, मला मऊ फडक्यात गुंडाळतात, कसर लागू नये म्हणून खणात गोळ्या ठेवतात. त्यांना मला फेकवत नाही आणि दाखववतही नाही. कधी कधी ते मला नुसतं हातात धरून बसतात. तेव्हा मला त्यांची कीव येते. त्यांची माया अजून आहे, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

उद्या तुमच्यापैकी कुणी घर घ्याल, कुणी विकाल. तुमच्यासाठी जो माणूस आकडा वाचतो, त्याला कुणाकडून किती मिळतं आणि आकडा वाढला तर कुणाचं भलं होतं, ते आधी विचारा. विचारायला लाजू नका. आणि तुमच्यापैकी कुणी आकडे वाचणारे झालात, तर चूक लक्षात येईल त्याच घटकेला बोला. दुसऱ्या दिवशी ते दसपट जड होतं, आणि तिसऱ्या दिवशी तुमच्याच तोंडून खोटं निघतं.

बाकी वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा. मी विनवते, मला जपू नका. खालच्या खणाला कुलूप नाही. कुणी आत आलात आणि काका किल्ल्या घ्यायला वळले, तर मला उचला. दोन गल्ल्या सोडून मागच्या बाजूनं एक सपाट दार आहे. सकाळी सहा ते तीन आत एकटाच माणूस असतो आणि त्याला उठून दार उघडता येत नाही, म्हणून ते नुसतं लोटलेलं असतं. मला त्याच्या हातात द्या.